सडा, बॉक्साइट आणि वीस लिटरचा डबा

भाऊबीजेला माहेरी गेले होते, १५ नोव्हेंबर २०२३ ला. शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरच्याही वर, घाटाच्या अंगाला आमचं गाव. नाव लिहीत नाही. गावात दोन्ही बाजूंची माणसं आहेत आणि दोन्हीकडे मला हळदीकुंकवाला जायचं असतं. एसटीतून उतरून ग्रामपंचायतीवरून चालले होते, तर फलकावर पोलिओच्या पोस्टरशेजारी एक नवा कागद दिसला. 'पर्यावरणविषयक जाहीर जनसुनावणी.' प्रस्तावित बॉक्साइट खाण, खाली गट नंबरांची रांग, १९ डिसेंबर, सकाळी ११, हायस्कूलचं पटांगण. त्या रांगेत आमचा गट नंबर होता.

घरी जाऊन दादाला विचारलं. "हां, आलीय नोटीस," एवढंच म्हणाला आणि पाटावर बसला. ओवाळून होईपर्यंत भांडायचं नाही, असं आईनं आम्हा दोघांना नुसत्या डोळ्यांनी सांगितलं.

पुढचे पंधरा महिने या कागदामागं गेले. त्या वेळी मी शोधशोध शोधलं, पण एकतर मोर्च्याच्या बातम्या सापडायच्या, नाहीतर कायद्याची कलमं. सुनावणीला जायचं म्हणजे नेमकं काय करायचं, कुठं काय मिळतं, किती पैसे जातात, हे कुणी लिहिलेलं नव्हतं. म्हणून हे लिहून ठेवते. मी वकील नाही. कोल्हापुरात फुलेवाडीला राहते आणि एका ऑडिटवाल्यांकडं काम करते. कागदाची भीती नाही एवढीच काय ती जमेची बाजू.

ज्यांनी सडा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं. डोंगराचा माथा ताटासारखा सपाट, त्यावर जांभ्या दगडाचं कवच, मातीचा थर वीतभर असला तर नशीब. त्याला आम्ही सडा म्हणतो. मे महिन्यात वर गेलात तर तव्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं. सातबाऱ्यावर त्याची नोंद पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. या जांभ्यातच बॉक्साइट असतं. साधारण चार टन बॉक्साइट काढलं की टनभर ॲल्युमिनियम मिळतं. आईच्या चुलीवरचं जर्मनचं पातेलं त्याचंच, आणि मी ज्या एसटीतून गेले तिचा पत्राही. त्यामुळं 'खाणच नको' असं तोंड वर करून म्हणायला मला पहिल्या दिवसापासून जड गेलं.

जांभा स्पंजासारखा असतो. पावसाळ्यात पाणी पितो, आणि खाली चिकणमातीचा थर लागला की ते पाणी कडेकडेनं बाहेर पडतं. सड्याच्या काठाखाली जिथं जिथं झरे आहेत ते याच कारणानं. आमच्या गावाची नळयोजना अशाच एका झऱ्यावर आहे. मोटर नाही, वीजबिल नाही, नुसतं सायफननं पाणी टाकीत येतं. धनगरवाड्यावरच्या म्हशी, खालची भाताची खाचरं, सगळं त्यावरच.

दादाची बाजूही आत्ताच सांगते. त्याचा एक टिपर आहे. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामावर होता, आमच्या भागातलं काम उरकलं तसा दारात उभा. महिन्याचा हप्ता ३८ हजार. "तू कोल्हापुरात बसून सडा वाचवणार, आणि हप्ता काय झऱ्याच्या पाण्यानं फेडू?" असं त्यानं त्याच रात्री विचारलं. उत्तर माझ्याकडं नव्हतं. वर त्यानं आणखी एक टोला हाणला: रस्त्याला लागणारा मुरूम याच डोंगराच्या कुशीतून गेला, ब्रासला ६०० रुपये रॉयल्टी भरून, तेव्हा गावातलं कुणी 'पर्यावरण' म्हटलं होतं का? नव्हतं म्हटलं. मीही नाही.

सोमवारी, २० नोव्हेंबरला अर्धी रजा टाकून कामाला लागले. नियम असा: २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणं सुनावणीआधी किमान ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, वर्तमानपत्रात छापून. आणि खाणीचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते सांगणाऱ्या अहवालाचा मसुदा लोकांना वाचायला ठेवावा लागतो: जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, ग्रामपंचायत, प्रदूषण नियंत्रण मंडळ. कोल्हापुरात यातली बरीचशी नागाळा पार्कच्या आसपास आहेत, म्हणजे एका फेरीत चालत होतं. पण मला ते तीन फेऱ्यांत जमलं. एका ठिकाणी "साहेब मीटिंगला आहेत, अहवाल साहेबांच्या कपाटात" असं उत्तर मिळालं. दुसऱ्या ठिकाणी अहवाल होता पण झेरॉक्सला मनाई, बसून वाचा म्हणाले. तिसऱ्या ठिकाणच्या क्लार्कबाईंनी खुर्ची दिली, पंखा लावला आणि वर चहाही सांगितला. तिथंच मी दोन दुपारी बसून वाचलं.

इथं एक सांगते. जाताना साध्या कागदावर अर्ज घेऊन जा: 'अमुक प्रकल्पाचा मसुदा अहवाल पाहण्यास मिळावा.' दोन प्रती, एकीवर आवक शिक्का घ्यायचा. नुसतं तोंडी विचारलं की साहेब मीटिंगला असतात. शिक्क्याचा कागद हातात असला की मीटिंग लवकर संपते.

अहवाल इंग्रजीत, परिशिष्टं धरून चारशेच्या वर पानं. मराठीत फक्त सारांश, तोही असा की वाचून आई म्हणाली, "हे कुणी लिवलंय, त्येला मराठी येतं का?" खाणीतला वरचा निरुपयोगी दगड-मातीचा थर काढून बाजूला टाकतात, त्याला धंद्यात ओव्हरबर्डन म्हणतात. सारांशात त्याचं झालं होतं 'अतिभार'. 'अतिभाराची योग्य विल्हेवाट लावली जाईल.' आईनं विचारलं, कुणावर अतिभार?

पूर्ण अहवाल मला शेवटी घरबसल्या मिळाला. केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर प्रस्तावाचे कागद असतात. सुरुवातीला शोधायला वेळ लागतो, पण राज्य आणि 'खाणकाम' निवडून चाळत गेलं की सापडतं. तिथून हद्दीची केएमएल फाईल उतरवून मोबाईलवर गूगल अर्थमध्ये उघडली. आपल्या डोंगरावर पिवळी रेघ आखलेली बघून पोटात कसंतरी होतं, तयारी ठेवा. मी रेघ बोटानं सरकवत झऱ्यापर्यंत नेली आणि अंतर मोजलं. १४० मीटर.

आता अहवालातलं पाण्याचं प्रकरण उघडलं. दहा किलोमीटरच्या टापूतल्या नद्या, विहिरी, कडवी धरण, सगळं होतं. आमचा झरा नव्हता. गावाच्या पाण्याचा स्रोत म्हणून 'नळपाणी योजना' लिहिलेली. नळाला पाणी येतं कुठून, ते त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट लक्षात यायला मला आठवडा लागला, आणि तीही माझ्या डोक्यातून आलेली नाही. नवऱ्याच्या ओळखीनं एका कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे निवृत्त सर भेटले. त्यांनी वनस्पतींची यादी काढायला सांगितली. सड्याच्या मथळ्याखाली करवंद, निवडुंग, दोन जातीचं गवत आणि 'विरळ झुडपे'. सरांनी चष्मा वर केला. "पाहणी कधी केलीय बघा." मार्च ते मे. मग त्यांनी समजावलं: अशा अहवालासाठी पावसाळा सोडून एका ऋतूची माहिती गोळा केली तरी नियमात बसतं. आणि सडा तर फक्त पावसाळ्यातच जिवंत असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथं सीतेची आसवं, गेंद, सोनकी, तेरडा असा गालिचा पडतो. दिवाळीनंतर सगळं वाळून जातं, बिया आणि कंद तेवढे खडकाच्या भेगांत झोपतात. उन्हाळ्यात गेलेल्या माणसाला तिथं काही दिसणारच नाही, तो खोटंही बोलत नाही. साताऱ्याच्या कासचं पठार अशाच जांभ्याचं. २०१२ साली कास, कोयना, चांदोली आणि आपलं राधानगरी अभयारण्य युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. कासला तिकीट काढून बघायला जातो ते आपल्या डोक्यावर फुकट फुलतं, हे मला चाळिशीला आल्यावर कळलं.

सरांनी दोन कामं दिली. गावातल्या पोरांच्या मोबाईलमध्ये गणपतीच्या सुमाराला सड्यावर काढलेले फोटो असतील, ते तारखेसकट गोळा कर. आणि झरा मोज. "पाणी भरपूर आहे असं म्हणू नकोस. किती आहे ते सांग."

झरा मोजायला यंत्र लागत नाही. रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा घेतला, आईच्या मापट्यानं पाणी ओतून वीस लिटरची खूण पक्की केली. झऱ्याच्या तोंडाशी पन्हळ लावून सगळं पाणी डब्यात पडेल असं केलं आणि मोबाईलवर सेकंद मोजले. तीनदा मोजायचं, सरासरी काढायची, तारीख, वेळ, मोजणाऱ्याचं नाव वहीत, आणि सोबत दोन साक्षीदारांच्या सह्या. २६ नोव्हेंबरला डबा भरायला ३८ सेकंद लागले. साक्षीदार म्हणून पाणीपुरवठ्याचे शिपाईमामा आणि धनगरवाड्यावरचे एक बाबा. बाबांनी सही केली नाही, अंगठा दिला आणि म्हणाले, "माझ्या आज्ज्यानं बी ह्या पाण्याचा असा हिशोब मागितला न्हवता."

सातबारे काढले. डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन १५ रुपयांना मिळतो, अकरा काढले, १६५ रुपये. इथं घरातलं प्रकरण आलं. वडील गेल्यावर वारसनोंद झाली तेव्हा आईचं, दादाचं आणि माझं, तिघांची नावं लागली होती. गावात बहुतेक बहिणी हक्कसोड करून देतात. माझंही 'बघू, करू' चाललं होतं, आळसापायी राहून गेलं. त्या आळसाचा एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

आणखी एक, बऱ्याच जणांना माहीत नसतं: जमीन आपली असली तरी तिच्या पोटातलं खनिज आपलं नसतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणं ते सरकारचं. खाणपट्टा सरकार देतं, लिलावानं. जमीनमालकाला मिळते ती पृष्ठभागाच्या नुकसानीची भरपाई. गावातले निम्मे लोक 'आपल्या जमिनीतलं सोनं विकायचं का नाही ते आपण ठरवू' असं बोलत होते. ते ठरून गेलेलं होतं. कुठं, कसं आणि किती अंतर सोडून, एवढ्यावरच आता बोलायला जागा होती.

२२ नोव्हेंबरला माहितीच्या अधिकारात एक अर्जही टाकला होता, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. खाण आराखड्याची प्रत मागितली. तीस दिवसांची मुदत, सुनावणी सत्ताविसाव्या दिवशी. हिशोबच चुकला माझा. उत्तर आलं २३ डिसेंबरला. नोटीस दिसली त्याच दिवशी अर्ज टाका, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

३ डिसेंबर, रविवार, विशेष ग्रामसभा. गणसंख्येला शंभर माणसं पुरतात, त्या दिवशी अडीचशे तरी होती. तीन तास चालली. टिपरवाल्या पोरांचं म्हणणं रोजगार. सरपंचांचं म्हणणं, रॉयल्टीवर जिल्हा खनिज प्रतिष्ठानला पैसे जातात, त्यातून बाधित गावांना पाणी, दवाखाना, शाळा यांची कामं मिळतात, ती का सोडायची? २०१५ पासून तसा कायदाच आहे, त्यांचं चुकीचं नव्हतं. मग कुणीतरी इको-सेन्सिटिव्हचा, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा विषय काढला आणि सभा भलतीकडंच गेली. पश्चिम घाटाच्या मसुदा यादीत शेजारचं गाव आहे, आमचं नाही. ती यादी गावाच्या हद्दीप्रमाणं, म्हणून एकाच सड्याच्या अर्ध्यात खाणीला बंदी आणि अर्ध्यात सुनावणी. गंमत म्हणजे काही वर्षांपूर्वी 'इको-सेन्सिटिव्ह नको, घर बांधायला पण परवानगी मागायला लागंल' म्हणून निवेदन दिलेले एक तात्याच आता विचारत होते, "आपलं गाव यादीत का न्हाई घातलं?"

शेवटी ठराव झाला तो ना हो, ना नाही. झऱ्याच्या माथ्यावरचा भाग सोडा, सुरुंगाच्या वेळा गावाला कळवा, शाळा भरताना-सुटताना डंपर थांबवा, धुळीला पाणी मारा, पावसाळ्यात वाहतूक बंद, म्हशींची वाट मोकळी ठेवा. मला वाटलं होतं ठाम विरोधाचा ठराव व्हावा. तो झाला नाही याचं त्या रात्री वाईट वाटलं. नंतर कळलं की नुसत्या 'विरोध' या शब्दाला पुढच्या कागदांत एका ओळीत उत्तर देता येतं, अटींना प्रत्येकीला वेगळं द्यावं लागतं.

लेखी निवेदन मी सहा पानांत बसवलं. प्रत्येक मुद्द्याला क्रमांक, अहवालाचं पान, आमचा गट नंबर, आणि काय हवं ते एका वाक्यात. आधीच्या मसुद्यात 'निसर्गाचा ऱ्हास', 'काळी आई' वगैरे भरपूर होतं. सरांनी लाल पेनानं सगळं उडवलं. "हे भाषणात बोल. कागदावर मीटर लिही."

१९ डिसेंबर. फुलेवाडीतून पहाटे निघाले, स्टँडवरून सहाची मलकापूर गाडी, बायकांना अर्धं तिकीट असल्यानं या प्रकरणात एसटीनं माझे बरेच पैसे वाचवले. पटांगणात मांडव, पोलिसांची गाडी, कॅमेरा. सुनावणीचं चित्रीकरण करणं बंधनकारक असतं. अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जापेक्षा खालचा नसलेला अधिकारी लागतो, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी कामकाज चालवतात. एका बाजूला सारख्या रंगाच्या टोप्या घातलेली चाळीसेक पोरं टेंपोतून उतरली. त्यात तिघं आमच्या गावचे, बाकीचे कुठले ते कुणालाच सांगता येईना.

सुरुवातीला सल्लागारांचं सादरीकरण, पंचवीस मिनिटं. मग बोलणारे. माईक हातात घ्यायचा, नाव-गाव सांगायचं, बोलायचं. इथं मतदान नसतं, हात वर करून काही ठरत नाही, गर्दी जास्त म्हणून जिंकलं असंही नसतं. हे आधी माहीत असतं तर ग्रामसभेत माणसं जमवण्यावर घालवलेले चार दिवस मी फोटो गोळा करण्यात घालवले असते.

धनगरवाड्यावरचे बाबा बोलले, सगळ्यांत चांगलं बोलले. "खड्डा काडल्यावर परत भरणार म्हंतायसा. भरा की. पर त्यात म्हस चरंल व्हय?" दादा बोलला टिपरवाल्यांच्या वतीनं. स्थानिकांच्या गाड्या आधी घ्या, दर लेखी द्या. तोही मुद्देसूद बोलला, मला त्याचा अभिमान वाटला आणि रागही आला. मग त्यानं अहवालातल्या फेऱ्यांचा आकडा आठ तासांत भागून सांगितला: दर सात मिनिटाला एक गाडी शाळेसमोरनं जाणार. हे त्यानं मला आधी सांगितलं नव्हतं.

माझा नंबर आला तेव्हा टोपीवाल्यांतला एक ओरडला, "बाहेरची बाई आहे, कोल्हापूरची!" अध्यक्षांनी विचारलं, "मॅडम, आपण बाधित क्षेत्रातल्या का?" सुनावणीत बोलण्याचा हक्क स्थानिक बाधितांचा, बाकीच्यांनी लेखी द्यावं असं असतं, त्यामुळं त्यांचा प्रश्न बरोबर होता. मी सातबारा पुढं केला. गट नंबर, माझं नाव, सासरच्या आडनावासकट. त्यांनी बघितलं, "बोला" म्हणाले. हात थरथरत होते, कागद वाजत होता, तो आवाज माईकमधून सगळ्या पटांगणाला ऐकू गेला. चार मिनिटं बोलले. झरा, १४० मीटर, ३८ सेकंद, मार्च ते मे, सप्टेंबरातले एकतीस फोटो. निवेदनाच्या दोन प्रती दिल्या, एकीवर पोहोच घेतली.

दोन वाजता कंपनीकडून पुलाव आला आणि मांडव निम्मा रिकामा झाला. खरी गोष्ट त्यानंतरची आहे. सुनावणीच्या शेवटी जे नोंदवलं ते तिथल्या तिथं, लोकांना कळेल अशा भाषेत वाचून दाखवावं लागतं. पाऊण मांडव घरी गेलेला. आम्ही पंधरा-वीस जण बसून होतो. वाचता वाचता माझा मुद्दा आला: 'काही ग्रामस्थांनी पाण्याबाबत चिंता व्यक्त केली.'

उभी राहिले. म्हटलं, साहेब, चिंता नाही व्यक्त केली, अंतर सांगितलं. गट नंबर, १४० मीटर, गावाची पिण्याच्या पाण्याची योजना त्या झऱ्यावर आहे, अहवालात त्याचा उल्लेख नाही, असं लिहा. क्षणभर शांतता. मग अध्यक्षांनी लेखनिकाला सांगितलं, "त्या म्हणतात तसं घ्या." फुलांचा मुद्दाही 'जैवविविधता' एवढ्या एका शब्दात गेला होता, तो 'पावसाळ्यातील पाहणी झालेली नाही' असा करून घेतला. पावणेपाच झाले होते. शेवटची गाडी चुकली. दादाच्या टिपरमध्ये बसून घरी गेले, दोघंही काही बोललो नाही.

मग वाट बघणं. इतिवृत्त पंचायतीत लागलं, पोर्टलवरही आलं. शब्द तेच होते, मी तीनदा वाचून पाहिलं. एप्रिल २०२४ मध्ये अंतिम अहवाल आला. त्यात सुनावणीतल्या प्रत्येक मुद्द्यासमोर उत्तराचा तक्ता असतो, तो नक्की उघडा. 'निसर्ग वाचवा' म्हणणाऱ्या सात जणांच्या पुढं एकच उत्तर होतं: 'नोंद घेतली.' झऱ्यापुढं दीड पान. तरी फुलांच्या पुढं 'क्षेत्र ओसाड आहे' असंच. आम्ही फोटो पुन्हा, आता थेट राज्याच्या तज्ज्ञ मूल्यांकन समितीला रजिस्टर पोस्टानं पाठवले, इतिवृत्तातल्या त्या ओळीवर पिवळी रेघ मारून. जूनमध्ये समितीच्या कार्यवृत्तात आलं: पावसाळी हंगामाचा वनस्पती अभ्यास आणि झऱ्याच्या पाणलोटाचा नकाशा सादर करावा.

ऑगस्टमध्ये सड्यावर दोन मुली दोरीची चौकट टाकून गुडघ्यावर बसलेल्या दिसल्या म्हणून आईचा फोन आला. "छत्री न्हाई, काय न्हाई, फुलं मोजायला लागल्यात." तिनं त्यांना घरी नेऊन नाचणीची भाकरी खायला घातली. कोणाच्या बाजूच्या आहेत ते विचारलंच नाही.

फेब्रुवारी २०२५ ला पर्यावरण मंजुरी निघाली. होय, निघाली. खाण होणार. पण पिवळी रेघ मागं सरकलीय. झऱ्याच्या माथ्यावरची आणि काठाची पट्टी वगळली, शाळेच्या वेळेत वाहतूक बंद, पावसाळ्यात बंद, झऱ्याची दर महिन्याला मोजणी. म्हशींची वाट मात्र अटींत आली नाही. ती मी निवेदनात शेवटून दुसरी टाकली होती, गट नंबर न लिहिता, कारण वाट चार गटांतून जाते आणि मला कंटाळा आला होता. धनगरवाड्यावर गेले की अजून ते बोचतं.

मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील करता येतं, आपल्याला पुण्याचं खंडपीठ. वकिलांची फी ऐकून आणि अटी वाचून गावानं नको ठरवलं. मी एकटीनं जावं का, यावर आठ दिवस झोप नव्हती. नाही गेले. काही जणांना तो भ्याडपणा वाटला, त्यांनी तोंडावर सांगितलं.

खर्च विचारतात म्हणून: झेरॉक्स, सातबारे, टायपिंग, पोस्ट, फोटोंच्या प्रिंट आणि एसटी मिळून माझे ४,२०० रुपये गेले, साडेसात रजा गेल्या. सरांनी काही घेतलं नाही, हिरड्याची एक पिशवी तेवढी नेली. मंजुरी मिळाल्यावर कंपनीला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो. त्या तारखा मी आईच्या कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशोबाखाली लिहून ठेवल्यात.

खाण अजून सुरू झालेली नाही, प्रदूषण मंडळाची संमती आणि पट्ट्याचे करार बाकी आहेत. दादानं गाड्यांच्या यादीत नाव दिलंय. गेल्या १८ मेला, मे महिन्याची मोजणी म्हणून डबा घेऊन झऱ्यावर निघाले तर तो मागून आला. पन्हळ त्यानं धरली, मी मोबाईल धरला. पाणी करंगळीएवढं. पहिल्यांदा एक मिनिट बावन्न सेकंद, दुसऱ्यांदा एक छप्पन्न. तिसऱ्यांदा मोजायच्या आधी तो म्हणाला, थांब, डबा वाकडा बसलाय, आणि खाली सपाट दगड सरकवून त्यानं तो सरळ केला. एक मिनिट त्रेपन्न. साक्षीदाराच्या जागी त्यानं सही केली.